कढईजवळचे पाहुणे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते काशिनाथ आप्पांचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो त्यांच्या ओसरीवर अभ्यास करून झालो. सारंगखेड्याकडचा हा माणूस कादंबरीकार म्हणून मोठा. पण त्यांची ख्याती वेगळीच. लग्नाला गेले की आप्पा मांडवात बसत नाहीत. आहेर देऊन थेट मागे, वरणाबरोबरच्या कणकेच्या बट्ट्या तळणाऱ्या बायांजवळ जाऊन बसतात.

"म्हातारा खादाड शे," असं लोक म्हणतात.

विसरवाडीच्या एका लग्नात सत्कारासाठी माइकवरून त्यांचं नाव पुकारून पुकारून एकाचा घसा बसला. शेवटी वरबाप शाल घेऊन कढईपाशी आले. "आप्पा, चला ना! फोटोवाला थांबेल शे."

"थांबू दे. मन्ही बट्टी आजून कढईमा शे."

शाल तिथेच घातली. फोटोत आप्पांपेक्षा वरणाचं पातेलंच मोठं आलं.

त्यांच्या प्रत्येक कादंबरीत कोणीतरी विधवा मागच्या दारातून मांडवात येते, नवरीला हळद लावते आणि सगळं गाव हादरतं. मी एकदा धीर करून म्हणालो, "आप्पा, तिला कधी पुढच्या दारानं येऊ द्या की!"

ते हसले, मग सांगू लागले. त्यांचे वडील लवकर गेलेले. आई लग्नघरी बट्ट्या वळायला जायची. आप्पा तिथेच, तिच्याबरोबरच्या विधवा बायांची बोलणी ऐकत वाढले. आप्पांच्या सख्ख्या बहिणीला हळद लागली तेव्हाही आई मागेच होती.

"तिले हात धरीसन पुढे लई जाता येस, हाई माले माहीतच नव्हतं," आप्पा म्हणाले. "म्हनीसन आते पुस्तकमा लई जास."

यंदा माझं लग्न ठरलं. माझे वडीलही नाहीत. काकूंनी बजावलं, हळद सवाष्णीच लावतात. आई म्हणाली, "मी मांगेच बरी शे." तिची समजूत घालून झाल्यावर मी आप्पांना लिहिलं:

"ती. आप्पांना साष्टांग नमस्कार.

हळद रविवारी आहे. काकू रुसल्या आहेत, आई रडते आहे, पण हळद लावायला हो म्हणाली आहे. तुम्ही या. मात्र मागे जाऊ नका. तिथे आई नसेल. तुमची बट्टी मी मांडवात आणून देईन.

एवढ्या लोकांसमोर तिचे पाय लटपटतील. एक हात मी धरीन. दुसरा तुम्ही धराल ना?

तुमचा,
दिनेश"