पान एकशे त्रेचाळीस

कादंबरीच्या पाठीवर, मुखपृष्ठाच्या कडेपासून एक पूर्णांक एक दशांश मिलिमीटरवर, एक बारीक उभी पांढरी रेघ आहे. पुस्तक जिथे जिथे उघडून दाबलं जातं तिथे पाठीचा कागद मोडतो आणि अशी रेघ पडते. शेवटची रेघ मोजली की वाचक कुठे थांबला ते कळतं. माझ्या कादंबरीची पानं दोनशे सोळा, म्हणजे कागद एकशे आठ, आणि एका कागदाची जाडी एक दशांश मिलिमीटर. ह्या प्रतीचा वाचक पान तेवीसवर थांबला होता. (प्रत माझ्या मामांची. शेवट वाचून डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं.)

गेल्या अकरा महिन्यांत मी नातेवाईक, शेजारी आणि हितचिंतक यांच्याकडच्या एकूण बेचाळीस प्रती मोजल्या. यजमान चहा टाकायला आत गेले की वेळ पुरतो. एकोणीस प्रतींवर एकही रेघ नाही. चौदांची शेवटची रेघ पान तेवीसच्या आत. आठ जण त्याच्या पुढे गेले, पण शंभरी कोणी गाठली नाही. एका प्रतीची पाठ मात्र शेवटपर्यंत मोडलेली होती. त्या घरात दीड वर्षाचं मूल आहे.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष मी नम्रपणे मांडते. एखादी गोष्ट घरच्यांपासून कायमची लपवायची असेल, तर छापील कादंबरीइतकी सुरक्षित जागा नाही. कुलूप फोडता येतं. पासवर्ड ओळखता येतो. डायरी तर लोक वेळ काढून वाचतात.

अडचण एवढीच होती, की मला काही लपवायचं नव्हतं.

माझ्या बाबांची रक्ततपासणीची लॅब आहे. ती पुढे मी चालवायची, हे मी चौथीत असताना ठरलं. (ठरलं तेव्हा मी शाळेत होते.) प्रत्यक्षात लॅब ताई चालवतात. बावीस वर्षं तिथे काम करणाऱ्या ताईंना शीर पहिल्या टोचणीत सापडते. बाबांना दोनदा टोचावं लागतं, म्हणून ते सही करतात. मला शेवाळात रस आहे. समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात मला शेवाळावर काम करायला जागा मिळाली, तेव्हा मी रुजू होण्याची तारीख 'प्रकृतीच्या कारणास्तव' पुढे ढकलून घेतली. कोणाच्या प्रकृतीच्या, हे अर्जात विचारलेलं नव्हतं. वर्षभराने पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा ढकलता येत नाही, असं नियमातच आहे.

बाबांना हे सांगायला मोजून बारा शब्द लागत होते. ते तोंडाने सांगणं हा एक मार्ग होता. मी दुसरा निवडला आणि कादंबरी लिहिली. एका लॅबवाल्याची मुलगी पान एकशे त्रेचाळीसवर बापासमोर उभी राहते आणि ते बारा शब्द बोलते. अठ्ठेचाळीस हजार शब्दांत बारा, म्हणजे चार हजारांत एक. आमच्या लॅबमध्ये ह्याहून कितीतरी पातळ नमुन्यातही जे सापडायचं ते सापडतं.

हस्तलिखित मिळाल्याचं कळवायला प्रकाशकांनी सात महिने घेतले आणि ते स्वीकारायला चार मिनिटं. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: पानं किती, आधी काही छापलंय का, आणि प्रकाशनाला तुमच्याकडून माणसं किती येतील. तिसऱ्या उत्तरावर त्यांचं समाधान झालं. (आमचं कुटुंब मोठं आहे.) मलपृष्ठाचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला: 'बापाचा वारसा अभिमानाने पुढे नेणाऱ्या लेकीची हृद्य कहाणी.' आत नेमकं उलटं आहे, हे मी फोनवर शक्य तितक्या मृदू शब्दांत कळवलं. ते म्हणाले, "मॅडम, आतपर्यंत कोण जातंय तपासायला?" प्रकाशनव्यवसायातला त्यांचा तीस वर्षांचा अनुभव त्या वाक्यात होता.

मुद्रितशोधकांनी मात्र अक्षर न् अक्षर वाचलं. तो त्यांचा पोटापाण्याचा प्रश्न होता. त्यांचा एकदाच फोन आला. "बाई, एकशे त्रेचाळीसवर मुलगी बोलते आणि बाप उत्तरच देत नाही. ओळ गळलीय का?"

मी म्हटलं, गळलेली नाही. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही.

ते म्हणाले, "बरं. मग एक ओळ रिकामी सोडतो."

प्रकाशनसमारंभ वेळेवर, म्हणजे पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाला. अध्यक्ष पंचेचाळीस मिनिटं बोलले. त्यांपैकी कादंबरीच्या वाट्याला दीड मिनिट आलं, तेही मलपृष्ठाच्या वाट्याला. मग बाबांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते म्हणाले, की लिहिणं हा तिचा छंद आहे, पण लॅब तिच्या रक्तात आहे, आणि आज ह्या व्यासपीठावरून सांगायला आनंद होतो की पुढच्या वर्षी ती लॅबचा कारभार हाती घेईल. खूप टाळ्या पडल्या. माझ्या कादंबरीच्या प्रकाशनात माझ्या कादंबरीचं असं जाहीर खंडन झालं, आणि मी पुष्पगुच्छ स्वीकारला.

पुढचा टप्पा प्रसिद्धीचा. लेखकाने सतत दिसत राहिलं पाहिजे, असं प्रकाशकांनी सांगितलं. (वाचलं जाण्याविषयी सूचना नव्हती.) वाचकांनी पुस्तकासोबत आपले फोटो पाठवले, एकूण एकशे बारा. सदतीस फोटोंत पुस्तकाचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. पाचांत पुस्तक उलटं होतं. एकात कादंबरी दुसऱ्याच कोणाची होती, आणि सगळ्यात जास्त लाइक त्याला मिळाले.

घरातला प्रतिसाद उत्साहाचा होता. आईने प्रत खराब होऊ नये म्हणून तिला कव्हर घातलं आणि कपाटात ठेवली. ठेवण्याआधी तिने फक्त शेवटचं पान वाचलं. शेवटी कोणी मरत नाही ना, एवढंच तिला पाहायचं होतं. कोणी मरत नाही म्हटल्यावर मधलं वाचण्याचं तिला कारण उरलं नाही. मावशी पान एकतीसवर थांबली. तिथे एक भोचक बाई आहे, ती आपणच आहोत असं ठरवून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. त्या बाईचा मावशीशी काहीही संबंध नाही, ती आत्या आहे. आत्या खूश आहे.

बाबांनी साठ प्रती घेतल्या आणि भेटेल त्याला दिल्या. एकदा जेवताना मी विचारलं, की पान एकशे त्रेचाळीस वाचलंत का. बाबांना आश्चर्य वाटलं. "अगं, तुझं पुस्तक," ते म्हणाले. "त्यात काय असणार, ते मला माहीत नाही का?" आणि मायेने मला आणखी भात वाढला.

उरलेल्या प्रतींपैकी एक लॅबच्या बाकावर होती. साखर तपासायला येणाऱ्यांचं रक्त आम्ही एकदा उपाशीपोटी घेतो आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा. घर जवळ असलेले घरी जातात, लांबचे बाकावर बसतात. माझ्या मते साहित्याच्या प्रसारासाठी ह्याहून चांगली व्यवस्था नाही: वाचक सुटू शकत नाही आणि त्याचं पोट भरलेलं असतं. दर तीन महिन्यांनी एक निवृत्त मीटररीडर येत. चाळीस वर्षं घरोघरी वीज किती जळली ते वाचलेला माणूस. समोर आकडा असो वा अक्षर, वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. जाताना ते हातावरची चिकटपट्टी काढून खुणेसाठी पानाला लावत. पहिल्या खेपेला पट्टी पान अडतीसवर होती, दुसऱ्या खेपेला सत्त्याहत्तरवर, तिसऱ्या खेपेला एकशे बारावर. मी आलेख काढला. चौथ्या खेपेला, चाळीस मिनिटं कमी-जास्त धरून, ते एकशे त्रेचाळीसवर पोचणार होते. आणि मीटररीडर म्हटला की तो वाचलेलं स्वतःपाशी ठेवत नाही, मालकाला कळवतो.

ते सव्वीस तारखेला आले. माझी रुजू होण्याची तारीख एक. रक्त मीच घेतलं, आणि त्यांना दुखलं का, हे विचारायला विसरले. दहाला दहा कमी असताना त्यांनी एक पान उलटलं, परत मागे आले, पुन्हा वाचलं. मग बोट पानात तसंच ठेवून ते उठले आणि थेट बाबांच्या टेबलापाशी गेले. ताईंनी हातातली नळी खाली ठेवली.

"डॉक्टर, मुलीने लिहिलंय झकास," ते म्हणाले. "पण ह्यातला बाप. पोरीच्या मनात काय आहे, ते साऱ्या गल्लीला दिसतंय, ह्यालाच दिसत नाही."

बाबा मनापासून हसले. "अहो, असतात असे. आमच्या वरच्या मजल्यावरचेच घ्या. पोरगा सांगून सांगून थकला, हे ढिम्म."

"तो लॅबवाला आहे."

"कुठल्याही धंद्यात असतात," बाबा समजुतीने म्हणाले आणि रिपोर्टवर सही केली.

मीटररीडरनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुस्तक बाकावर ठेवलं. दारातून जाताना ते मला हळूच म्हणाले, "रीडिंग बरोबर आहे हो. मीटर बंद आहे."

तीस तारखेला सकाळी पाटी रंगवणारा आला. लॅबच्या नावाखाली 'आणि कन्या' हे दोन शब्द वाढवायचे होते. हे मला तेव्हाच कळलं, कारण मला आनंदाचा धक्का द्यायचा होता. 'आणि' रंगवून झालं होतं. बाबा फुटपाथवर उभे राहून मान वर करून पाहत होते, ताई दारात होत्या, आणि माझ्या पर्समध्ये दुपारचं तिकीट होतं. बाबांनी मला हाक मारली. "'कन्या' जरा ठळक करायचं का गं? लांबून वाचता आलं पाहिजे."

शिडीवरच्या रंगाऱ्याने कुंचला रंगात बुडवला. तो रंग सुकायला, डबीवर लिहिल्याप्रमाणे, चार तास लागतात.

इथे जे वाचक आईप्रमाणे थेट शेवटाकडे आले आहेत, त्यांची मी गैरसोय करणार नाही. (मधल्या भागाविषयी कोणी विचारलंच, तर भाषा प्रवाही आहे असं सांगावं; अजून कोणी पकडला गेलेला नाही.) उरलेल्यांचे आभार, पण तुम्हीही कादंबरी वाचलेली नाही, कादंबरीविषयीची ही गोष्ट वाचलीत, कारण ही लहान आहे. तेव्हा पान एकशे त्रेचाळीसवरचे ते बारा शब्द दोघांच्याही सोयीसाठी इथे देते. ते मी शिडीवरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले, आणि पुढची ओळ अजून रिकामी आहे.

"बाबा, मला लॅब नको. ती ताईंना द्या. मला शेवाळाच्या केंद्रात जायचं आहे."