टर्पेंटाईनवर अक्षता

हेरेकरअण्णांना संत्रं दिलं, की ते फोडी आमच्या हातात ठेवायचे आणि साल घेऊन समईकडे जायचे. ज्योतीसमोर धरून साल दुमडून पिळायची, की तडतड करत ठिणग्या उडायच्या. मग अण्णा लहान मुलासारखे खूष. "बघितलात? बघितलात की नाही वैनी? आणि हे तुम्ही कचऱ्यात टाकताय!" आमच्या धाकटीच्या बारशाला पाहुण्यांना त्यांनी हा प्रयोग इतक्या जवळून दाखवला, की माझ्या मावससासूबाईंच्या भुवईचा शेंडा गेला. पुढे कित्येक वर्षं त्या मला विचारायच्या, "तुमचा तो शेजारी शास्त्रज्ञ आहे म्हणतेस, की शोभेच्या दारूवाला?"

शास्त्रज्ञच होते. साठच्या दशकातली गोष्ट. बंगळुरात मल्लेश्वरममध्ये आमची आणि त्यांची घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी होती. आमचे हे आणि अण्णा एकाच सरकारी प्रयोगशाळेत. हे वर्कशॉपमध्ये, अण्णा इंधन विभागात. विभाग हा शब्द मोठा झाला. एक पत्र्याची शेड, मुनियप्पा नावाचा फिटर आणि अण्णा, एवढाच तो विभाग. अण्णा मूळचे निपाणीकडचे. अर्धं वाक्य मराठीत, अर्धं कानडीत आणि शिवी मात्र शुद्ध इंग्रजीत. बायको आम्ही राहायला येण्याच्या आधीच गेलेली. मूलबाळ नाही. गल्लीतली कानडी मंडळी त्यांना 'एण्णेअण्णा' म्हणत. एण्णे म्हणजे तेल. त्यांच्या अंगाला, सदऱ्याला, अगदी त्यांनी परत केलेल्या माझ्या वाट्यांनासुद्धा कसलं ना कसलं तेल लागलेलं असायचंच.

झाडांपासून विमानांचं आणि अग्निबाणांचं इंधन करायचं, हा त्यांचा ध्यास. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पुण्याची असल्यामुळे अर्थातच हसले. अण्णा रागावले नाहीत. रागावायला त्यांना वेळच नसे. "जमिनीतलं तेल एकदा उपसलं की संपलं, वैनी. आणि तेही आपल्याकडं कुठलं? पिंपं बोटीनं यायची, तेव्हा आमचं विमान उडायचं. झाडाला चीर द्या, चीक येतंय. पुढल्या वर्षी परत येतंय. झाड काय मुकं वाटतंय तुम्हाला? आग असते त्याच्या पोटात!"

पाईनच्या झाडाचा चीक, त्यापासून टर्पेंटाईन. म्हणजे रंगारी रंगात घालतात तेच. ते कसल्याशा मातीबरोबर तापवून अण्णा त्याचं मधासारखं दाट तेल करत. दाट कशाला, हे मला त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून समजावलं. "डबा तेवढाच हाय असं समजा. प्रवासाला जायचंय. चुरमुऱ्याचे लाडू भराल की बेसनाचे?"

"बेसनाचे. पोट जास्त भरतं."

"सरी! बरोबर! विमानाची टाकी म्हणजे तुमचा डबा. मी टर्पेंटाईनचे बेसनलाडू वळतोय."

इतकं सोपं करून मला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. म्हणूनच पुढच्या चुका मी पोटात घातल्या. एकदा त्यांनी आपलं तेल माझ्या स्टोव्हमध्ये भरून पाहिलं. ज्योत अशी सुरेख निळी लागली, की मीसुद्धा टाळी वाजवली. पण त्या दिवशीच्या पोह्यांना नुकत्याच रंगवलेल्या दाराची चव होती. दुसऱ्यांदा त्यांनी परसातला माझा सगळा गवती चहा मुळापासून कापून नेला आणि चार दिवसांनी करंगळीएवढी कुपी आणून दिली. "सगळा सुवास ह्यात आला बघा." मी म्हटलं, "अण्णा, संध्याकाळी पाहुणे यायचेत, त्यांना ही कुपी हुंगायला देऊ का?" त्यांना ती कल्पना आवडली. काजूच्या टरफलांचं पोतं उचलायला त्यांनी आमच्या ह्यांना नेलं, तेव्हा टरफलातलं तेल तळहाताला लागून ह्यांच्या हातांना असे फोड आले, की आठवडाभर मी ह्यांना भरवत होते. अण्णा रोज येऊन फोडांची चौकशी करायचे. ह्यांची नव्हे, फोडांची. तेल किती जहाल आहे ते त्यांना बघायचं होतं.

यशवंतपूरच्या मालधक्क्यावर तर त्यांचा दरारा होता. टर्पेंटाईनची पिंपं उतरली, की अण्णा झाकण उघडून नाक आत घालणार. "ह्यात स्वल्प रॉकेल हाय. परत." कागदावर सगळं ठीक असलं तरी परत. बरोबर त्यांचंच निघायचं. तिथले हमाल पिंप उतरवण्याआधी विचारायचे, "एण्णेअण्णा आले का?"

एका बाबतीत मात्र ते फार फटकळ. देवधर्म. सत्यनारायणाला बोलावलं तर शिरा संपायच्या बेताला यायचे आणि उरलेला खायचे. "पूजेला वेळ नाही, प्रसादाला हाय," असं भटजींच्या तोंडावर. कोणी म्हटलं, देवाच्या कृपेने तुमचा प्रयोग होईल, की म्हणत, "देवाला मध्ये घालू नका. रसायन आणि मी बघून घेतो."

आता बंगळुरात हे सोपं नाही. खंडेनवमीला इथे आयुधपूजेचा जो थाट असतो, तो मी पुण्यात कधी पाहिला नव्हता. बस, सायकली, लेथ, टाईपरायटर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, केळीचे खांब आणि दारात फोडलेला कोहळा. प्रयोगशाळेतसुद्धा प्रत्येक यंत्राला टिळा. फक्त अण्णांच्या शेडमध्ये बंदी. दरवर्षी मुनियप्पा हात जोडून विचारायचा, "स्वामी, एकच कोहळा?" आणि दरवर्षी अण्णा ओरडायचे, "माझ्या इंजिनावर भाजी फोडशील तर बघ!"

मी सांगते त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीहून समिती यायची होती. येलहंक्याच्या पलीकडे माळावर छोटं इंजिन बांधून अण्णांचं तेल त्यात जाळून दाखवायचं. पेटलं, टिकलं, तर काम पुढे. नाहीतर शेड बंद आणि अण्णांची रवानगी पुन्हा बाहेरून आलेल्या पिंपांचे नमुने तपासायला. उभ्या आयुष्याचं काम त्या एका सकाळवर येऊन ठेपलं होतं. अण्णांनी जेवण सोडलं नव्हतं, पण आमटीत मीठ नसलेलं त्यांना कळलं नाही, यावरून मी काय ते ओळखलं.

खंडेनवमीच्या सकाळी माझं पुरण शिजत होतं आणि अण्णा दारात. हातात वाटी.

"वैनी, थोडं हळदकुंकू द्या की."

"तुम्हाला? कशाला?"

"रसायनाला. हळदीनं अल्कली तपासतात. शास्त्र आहे ते." मग भिंतीकडे बघत, "आणि चार अक्षता."

"अक्षतांनी काय तपासतात?"

"ते... वजनाला."

तांदळाच्या दाण्यांनी वजन करणारा शास्त्रज्ञ मी पहिल्यांदाच बघत होते. पण पुरण खाली लागत होतं. दिलं भरून आणि कामाला लागले.

परीक्षेच्या दिवशी काय झालं ते ह्यांनी संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. चप्पलसुद्धा न काढता सांगितलं. इंजिन पेटलं, ज्योत वाकडी झाली, दोनदा खोकलं आणि विझलं. समितीचे अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. कोणीतरी म्हणालंच, झाडाच्या चिकावर विमान उडवणार होते! अण्णांनी इंजिन उघडायला लावलं. तेल फवारणाऱ्या तोटीच्या भोकात एक तांदळाचा दाणा बसलेला. कुंकवाने लाल. टाकीच्या झाकणाशी कोणीतरी अक्षता वाहिल्या होत्या आणि तेल भरताना त्यातली एक आत गेली होती. तेल दाट म्हणून गाळणी अण्णांनीच काढायला लावली होती.

सगळ्यांनी मुनियप्पाकडे बघितलं. कोहळ्यासाठी दरवर्षी हात जोडणारा तोच. तो रडकुंडीला येऊन मुलांची शपथ घ्यायला लागला. संचालकसाहेबांनी तिथल्या तिथे त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

"आणि मग अण्णा पुढे झाले," हे म्हणाले, आणि ह्यांचा आवाजच बदलला. "म्हणाले, त्यानं नाही, मी वाहिल्या अक्षता. अगं, हेरेकर! पूजेच्या नावाने बोटं मोडणारा माणूस! कोणाचा विश्वास बसणार? साहेब म्हणाले, हेरेकर, तुमच्या माणसाला वाचवायला तुम्ही आळ अंगावर घेताय. अण्णा म्हणतात, आळ नाही, खरंच मी. जितकं सांगतील तितके लोक हेलावतायत! मुनियप्पाने तर पायच धरले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, असा माणूस असेल तर उद्या पुन्हा बघू. मुनियप्पाची नोकरीही राहिली. देवमाणूस गं, देवमाणूस!"

मी उठून ह्यांना पाणी दिलं. कुंकू माझंच होतं.

दिवेलागणीला अण्णा कंपाउंडच्या भिंतीशी येऊन उभे राहिले. भयंकर संतापलेले. "काय लोक आहेत वो! खरं सांगून सांगून घसा सुकला. कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. एकाने तर मला हार घातला!"

मला हसू आवरेना. मग विचारलंच. "पण अण्णा, खरंच तुम्ही? आणि अक्षता?"

ते भिंतीवरचा चुना नखाने खरवडायला लागले. "आमची बायको, सरसू, लावायची. निपाणीला परसात पहिली भट्टी लावली, तेव्हापासून. नवीन काही पेटवायचं म्हटलं की आधी हिचं हळदकुंकू, अक्षता. मी चेष्टा करायचो. एकदा भट्टी फुटली. मला काही झालं नाही. ती म्हणाली, कुंकवानं वाचलात. मी म्हणालो, लांब उभा होतो म्हणून वाचलो." त्यांनी नखातला चुना झटकला. "माझा आजही विश्वास नाही, वैनी. भट्टीला कुंकवाचं काय कळतंय? पण ते वाहून झालं, की माझ्याकडं बघून म्हणायची, सांभाळून. तेवढ्याचसाठी तिचं ते सगळं चाललेलं असायचं. हे मला ती गेल्यावर कळलं. आता अक्षता मी वाहतो, कुंकू मी लावतो. पण पुढचं ते म्हणायला कोणी नाही. न लावता पेटवायला हात होत नाही, एवढंच."

ज्या माणसाने माझ्या मावससासूबाईंची भुवई जाळली, माझा गवती चहा उपटला, माझे पोहे नासवले, तो माणूस इतकी वर्षं एकट्याने आगीसमोर उभा राहत होता आणि आमच्या पाठीला पाठ लावलेल्या घरातून एकटाच निघत होता. मला फार वाईट वाटलं. पण तसं म्हटलं असतं तर ते पळून गेले असते. मी म्हटलं, "जेवायला या. आज आमटीत मीठ आहे."

सकाळी जीप आमच्या फाटकाशी आली. अण्णा निघाले. सदरा उलटा घातला होता, मी काही बोलले नाही. ते फाटकाशी गेले, तेव्हा मी दारातून जरा मोठ्यानेच म्हटलं, "अण्णा, सांभाळून हं."

जीपमध्ये एक पाय ठेवलेले अण्णा तसेच थांबले. वळून बघितलं नाही. "हूं," म्हणाले आणि बसले.

मग घरात माझं लक्ष लागेना. कुकर लावायचा राहिला, दूध उतू गेलं. दुपार व्हायच्या आत फाटक वाजलं. बघते तर अण्णा. एकटेच. तोंड काळं, केस विस्कटलेले, अंगाला तो उग्र वास.

"काय झालं? पुन्हा बंद पडलं?"

"छे वो! पेटलं. झकास पेटलं. ज्योत सरळ, अशी! टाकीतला शेवटचा थेंब जाईपर्यंत हललं नाही. अध्यक्षांची टोपी उडाली बघा, ते टोपी सोडून टाळ्या वाजवतायत. दिल्लीला कळवणार म्हणाले. शेड राहिली वैनी, आणखी माणसं देणार म्हणतायत."

काय वाटलं ते कसं सांगू? आमच्या देशातल्या झाडाच्या चिकावर इंजिन चाललं होतं, आणि ते चालवणारा माणूस उलटा सदरा घालून माझ्या पायरीवर उभा होता. अभिमानाने माझे डोळे भरून आले. भावाने काही केलं असतं तरी ऊर इतका भरून आला नसता.

"अहो, मग इथे काय करताय? तिकडे साहेबमंडळी, फोटो, लाडू, सगळे तुम्हाला शोधत असतील!"

"शोधतायत की. मुनियप्पाला उभं केलंय माझ्या जागी." अण्णांनी बाहीने तोंड पुसलं, काजळी आणखीच पसरली. मग जरा लाजल्यासारखे म्हणाले, "पण सकाळी तुम्ही सांभाळून म्हणालात. असं कोणी म्हटलं असलं, तर आल्यावर आधी घरी येऊन सांगायचं असतं. तशी रीत आहे."

आणि पायरीवर नीट उभे राहून त्यांनी सांगितलं, "आलो मी."