आमेन म्हणायला कोणी आहे का

रूबेनकाकांना केळं खायचं असलं की ते आमची बेल वाजवतात. केळं सोललेलं, हातात. दार उघडलं की ते हिब्रूत एक वाक्य म्हणतात, मी ‘आमेन’ म्हणतो, ते केळं खातात आणि साल घेऊन परत जातात.

रामदासपेठेतल्या आमच्या इमारतीत ते एकटेच ज्यू. रेल्वेतून निवृत्त. त्यांच्या धर्मात काहीही खाण्याआधी देवाची स्तुती करायची असते, तिला बेराखा म्हणतात. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. संत्रं झाडाचं. केळं जमिनीचं, कारण केळीला त्यांच्या शास्त्रात झाड मानत नाहीत. पपईबद्दल मतभेद आहेत, म्हणून काका पपई खात नाहीत.

ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचं. स्वतःच्या बेराख्याला स्वतः म्हणायचं नसतं. आमेनवाचून बेराखा अडत नाही, हेही त्यांनीच मला सांगितलं. अडतात ते. चाळीस वर्षं त्यांच्या पत्नी, सेराकाकू, स्वयंपाकघरातून आमेन म्हणत आल्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि हे काम इमारतीकडे आलं.

काम वाटतं तितकं सोपं नाही. बेराखा संपण्याआधी म्हटलेलं आमेन बाद. नीट ऐकू न येता म्हटलेलं ‘पोरकं’, तेही बाद. मी ऑफिसात असलो की फोन येतो. एकदा बातम्यांच्या मीटिंगमध्ये मला दोनदा आमेन म्हणावं लागलं, कारण पहिल्या वेळी नेटवर्क गेलं होतं. संपादकांना वाटलं, मी त्यांच्याशी सहमत आहे.

संडासातून आल्यावरचाही एक बेराखा असतो. त्यासाठी ते समोरच्या वासनिकबाईंकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात.

वासनिकबाई बौद्ध. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून सवयीने ‘साधू, साधू, साधू’ निघालं. काकांनी चहाचा कप हातात धरून विचार केला.

“भावना बरोबर आहे बाई. पण एकाच्या जागी तीन झाले. दोन वापस घ्या.”

“दिलेलं वापस नाही घेत मी, काका. उद्याच्या चहाले लावून घ्या.”

गेल्या रविवारी दुपारी बेल वाजली. काकांचे हात रिकामे होते. आज काय खाताय, मी विचारलं.

“काही नाही. ऐका फक्त. घाई करू नका.”

तो बेराखा मी आधी कधी ऐकला नव्हता. लहानसाच होता, तरी मध्ये दोनदा थांबला. पूर्ण संपल्यावर मी आमेन म्हटलं.

ते आत येऊन बसले.

“कोणी गेल्याची बातमी आली का हा म्हणा लागते. तेव्हाच्या तेव्हा. दोन वर्षांआधी दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी म्हटलाच नाही. म्हटला असता, अन् किचनमधून आमेन आलं नसतं तर?”

मी पाणी आणून दिलं. पाण्याचा बेराखा त्यांनी हळू म्हटला आणि माझ्या आमेनची वाट न बघता ग्लास तोंडाला लावला.