सासऱ्यांची शिंक आणि माझी घटपर्णी

माणसाला आपलं नाव कुठेतरी लागावं असं वाटतंच. ऑफिसात माझं नाव फक्त उशिरा येणाऱ्यांत लागतं (तेही न चुकता). म्हणून मी ठरवलं, एक नवीन घटपर्णी तयार करायची आणि तिला आपलं नाव द्यायचं.

घटपर्णी म्हणजे पानाच्या टोकाला सुरई लटकवून किडे खाणारं झाड. यात नर वेगळा, मादी वेगळी, आणि फूल येईपर्यंत नर कोण, मादी कोण ते कळत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हौशी लोक दोन जातींचा संकर करत आणि त्याला मित्राचं, नाहीतर थेट रोपवाटिकेच्या मालकाचं नाव देऊन मोकळे होत. आमच्या घटपर्णीप्रेमी मंडळाचा नियम मात्र कडक. मादीला परागकण ज्याने लावले, संकर त्याचा आणि नाव ठेवायचा हक्कही त्याचाच.

कैक वर्षांनी माझी मादी गॅलरीत फुलली. नराचे परागकण मी आधीच एका डबीत भरून फ्रिजमध्ये, लोण्यामागे ठेवले होते. रविवारी डबी उघडली तर आत खडखडाट.

"अगं, यातली भुकटी कुठे गेली?"

"मला काय विचारता? तुमच्या त्या किडेखाऊला विचारा," बायको म्हणाली.

तेवढ्यात गॅलरीतून सासरे आले. नाक लाल, डोळ्यांत पाणी. ते आमच्याकडेच राहतात. डॉक्टरांनी त्यांची तपकीर बंद केली होती आणि बायको ती रोज नव्या ठिकाणी लपवायची.

"जावईबापू, लोण्यामागची तपकीर सापडली बरं का. अगदीच मिळमिळीत. पण शिंक झकास आली."

"कुठे शिंकलात?"

"समोर तुमचं झाड होतं, त्याच्यावर."

बायकोने आधी वडिलांना झापलं, मग मला (असलं काही फ्रिजमध्ये ठेवलंच का म्हणून).

आणि काय सांगू, बी धरलं. रोपं झाली, काही वर्षांनी सुरया लागल्या, त्याही अख्खं झुरळ मावेल अशा. मी कुंडी काखोटीला मारून मंडळात गेलो. सासरे आणि बायको हट्टाने बरोबर आले.

"परागकण कुणी लावले?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच सासरे म्हणाले, "नाकाने लावलेले चालतात का?"

मंडळात खल सुरू झाला. नियमांत शिंकेबद्दल अवाक्षर नव्हतं. शेवटी ठरलं, नाक सासऱ्यांचं, म्हणजे संकर सासऱ्यांचा. माझी एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली. मला खरंच रडू यायला लागलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा मनाचा मोठा.

"जावईबापूंचंच नाव द्या," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. मी त्यांचा हात धरला.

"नावाचं कारण द्यावं लागतं," सेक्रेटरी म्हणाले.

"घ्या लिहून. जागचा हलत नाही, तोंड कायम उघडं, समोर येईल ते गिळतो."

"बाबा, काहीतरीच काय," मागून बायको म्हणाली. (मला वाटलं, चला, कुणीतरी आपल्या बाजूने आहे.) "झाडाकडे किडे आपले आपण येतात. यांच्यापुढे ताट आणून ठेवावं लागतं."

सेक्रेटरींनी तेही लिहून घेतलं.