नहरीची निशाणे आणि नारोपंतांची रजा

श्री. कार्यारंभी ज्याचे पूजन होते तो गजानन, आणि कार्य रखडले म्हणजे ज्याची खरी आठवण होते तोही तोच. त्यासी दोन्ही निमित्तांचा मिळून एकच दंडवत घालून, वडील माणसांनी सांगितली तैसी हकीकत येथे लिहिली जाते. शके सोळाशे, पुढील अंक वाळवीने खाल्ला, परंतु संवत्सराचे नाव शाबूत राहिले ते विलंबी, मास माघ. ते समयी एक राज्य होते. त्याचे नाव लिहावयाचे कारण नाही, ऐसी राज्ये बहुत.

त्या राज्याच्या राजधानीस पाण्याचा मोठा तोटा. फाल्गुन सरला की विहिरी तळ दाखवीत, आणि बायका दोन कोस नदीवर जात, आणि घागरीवरून भांडणे होत, आणि ती भांडणे दरबारी येत. सबब सरकारांनी तीन वर्षांमागे हुकूम केला की डोंगरातील तळ्यापासून शहराच्या चौकापर्यंत पाच कोस नहर आणावी, जमिनीत चर खणून त्यात खापरी नळ बसवावे, आणि हौद बांधून पाणी सोडावे. काम एका वर्षाचे नेमिले. मग एक वर्ष गेले, आणि दुसरे गेले, आणि तीन कारभारी आले नि गेले, आणि पाणी काही आले नाही. परंतु दरबारास काळजी नव्हती, त्याचे कारण निशाणे. सरकारांचा नेम ऐसा की दर सोमवारी स्नानसंध्या आटोपून वाड्याच्या गच्चीवर यावे, दुर्बीण डोळ्यास लावावी आणि काम कोठवर आले ते पाहावे. चर तो दुरून दिसावयाचा नाही, म्हणून जेथवर काम जाहले तेथवर राज्याची निशाणे रोवीत जावे ऐसा शिरस्ता पडला. निशाण पुढे सरकले म्हणजे सरकार संतोष पावत आणि कारभाऱ्यास पानसुपारी धाडीत. न सरकले तर त्या दिवशी भोजनास बसत नसत, आणि सरकार उपाशी म्हणजे सारा दरबार उपाशी. तेव्हा निशाणे दर सोमवारी सरकली. माघात ती वेशीपाशी येऊन ठेपली, आणि तरी पाणी येईना, तेव्हा सरकार बोलिले, "आता उरले तरी काय? नारोपंतास बोलवा."

हे नारोपंत कोण म्हणाल, तर नारो सिदेश्वर, वय साठीस टेकलेले, गुडघे गेलेले, पागोटे जुने. राज्यात कोणाचेही काम फसले की निस्तरावयास यांस धाडावे. ढासळता बुरूज यांनी सावरिला, अर्धा राहिलेला घाट यांनी उतरविला, आणि धडधाकट, वेळेवर सुरू जाहलेले काम जन्मात एकही हाती आले नाही. लोकांस बारशाची आमंत्रणे, आम्हांस तेराव्याची, ऐसे ते आपणच म्हणत. अकरा वर्षे घर दिसले नव्हते. घरी, आठ मजलांवर, त्यांचे कुटुंब सगुणाबाई एकल्या होत्या. दरबारी विड्याचे तबक पुढे आले तेव्हा नारोपंतांनी हात जोडिले आणि विनंती केली, "सरकार, आता पुरे. कायमची रजा द्यावी. घरी जाऊन ओसरीवर पडून राहावे, एवढीच इच्छा आहे." सरकार बोलिले, "देऊ. चैत्र शुद्ध नवमीस चौकातल्या हौदात पाणी पडले की त्याच दिवशी रजा. न पडले तर रजेचे नाव काढू नये. आमचे वचन तिथीस बांधले आहे." सात आठवडे हाताशी होते आणि निशाणे वेशीपाशी होती. नारोपंतांच्या डोळ्यांपुढे सगुणाबाईंच्या हातची वरणफळे आली, आणि त्यांनी विडा उचलिला. त्या राज्यात त्यांस त्या रजेखेरीज दुसरे काही नको होते, हे वाचणाराने ध्यानी ठेवावे.

दुसरे दिवशी ते वेशीपासून तळ्याकडे पायीच निघाले. पहिल्या निशाणाखाली पाहतात तो गवत. दुसऱ्याखालीही गवत, आणि ते खाणारी शेळी. मग चालत राहिले, आणि सव्वा कोस चालले, तरी भुईवर कुदळीची खूण नाही. शेवटी चराचे तोंड लागले, आणि तेथे खणणाऱ्यांचा मुकादम रखमाजी पाथरवट एका काठीस रंग देत बसला होता. पंतांनी पुसिले, "मुकादम, चर कुठे आहे?"

"ह्यो काय, तुमच्या पायाशी सपला."

"आणि पुढची निशाणे?"

रखमाजीने कुंचला खाली ठेविला. म्हणाला, "ती निस्ती निशाणं हाईत, पंत. पयल्या कारभाऱ्यांच्या येळी हितं खडक लागला, आन् सोमवार आला. ते म्हणाले, आज निशाण म्होरं घे, खणती येईल मागनं. फुडल्या सोमवारी मागचं खणावं का म्होरं सरकावं? म्होरंच सरकलो. आठवड्याचं दोन दिस काठ्या रंगवण्यात नि रोवण्यात जात्यात. उरल्या दिसांत खणतो जमंल तसं."

"मग उपटून मागे का नाही आणलीत?"

रखमाजीने कानास हात लाविला. कारण त्या राज्यात सरकारांच्या पणजोबांनी नियम घालून दिला होता की रोविले निशाण उपटणे ती माघार, आणि माघारीस गर्दन. नियम लढाईचा, परंतु नहरीस लागू नाही ऐसे म्हणावयाची छाती कोणाची? येथेच घोडे पेंड खात होते. तिघाही कारभाऱ्यांस हे कळले, आणि तिघांनीही आपल्या वाटची निशाणे पुढे रोविली, आणि शिरपाव बांधून घरी गेले.

तिसऱ्या प्रहरी दरबारचे चिटणीस लाडोपंत पालखीतून आले. ते मनुष्य वाईट नव्हते, केवळ सोयीचे होते. म्हणाले, "नारोपंत, एवढे तोंड का उतरले? निशाणे वेशीत आहेत. नवमीस हौदात दोनशे घागरी ओतू, वाजंत्री लावू, सरकार पाहतील, तुम्ही गाडीत बसाल. पुढचे पुढचा पाहील. तुमच्या आधीचे तिघे काय वेडे होते?" खोटे कशास लिहावे, नारोपंत मोहात पडले. राग यावा इतकेही त्राण अंगी नव्हते, गुडघे दुखत होते, आणि घर आठ मजलांवर होते. विचार करून सांगतो, ऐसे ते बोलिले, आणि चिटणीस हसून गेले. उजाडल्यावर पंतांनी रखमाजीस पुसिले, "मी गेलो तर काय होईल?" रखमाजी म्हणाला, "काय व्हायचंय? नवं पंत येतील. त्यास्नी बी पयल्यापासनं समदं सांगू. आन् माझी सून नदीवर जाईल, आता जाती तशी. सातवा म्हयना हाय तिला." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर पंतांस निभावून नेता आले असते.

मग नारोपंत उठले, उपरणे कमरेस बांधिले, वेशीपाशी आले, आणि पहिले निशाण आपल्या हाताने उपटिले. दुसरा कोणी हात लावीना, तेव्हा एकट्यानेच एकामागून एक अडुसष्ट निशाणे उपटिली आणि खटाऱ्यात घालून मागे नेऊ लागले. दैवयोगे वार सोमवार होता. सरकारांनी गच्चीवर दुर्बीण लाविली, तो निशाणे माघारी चाललेली! नगारा जाहला, आणि वेशी लागल्या, आणि पागेत घोडी कसली गेली, आणि पेठेतल्या वाण्यांनी गूळतांदूळ दडविले, आणि गनीम कोठून आला हे कोणास कळेना. मग स्वार धावले आणि त्यांनी नारोपंतांस खटाऱ्यासुद्धा दरबारी हजर केले. सरकारांची मर्जी खप्पा जाहली होती. म्हणाले, "पणजोबांनी जे निशाण कधी मागे घेतले नाही, ते तुम्ही बैलगाडीत घालून आणलेत?"

नारोपंत म्हणाले, "सरकार, निशाणे वेशीत होती आणि चर सव्वा कोस मागे आहे. पाणी चरातून येते. जेथे काम आहे तेथे निशाण नेतो आहे, गर्दन हवी तर ही आहे. नवमीस पाणी येत नाही. चैत्र वद्य त्रयोदशीस येईल, पण सोमवारचे पाहणे बंद झाले पाहिजे. आणि मदतीस म्हणून दोनशे शिलेदार धाडलेत, ते माघारी न्यावे. त्यांस कुदळ धरता येत नाही, भाकरी मात्र धरता येते."

"आणखी काही?"

"नकाशात अकरा हौद आहेत. चौकातला एकच बांधतो. राणीसाहेबांच्या बागेतले कारंजे आता होणार नाही."

सरकारही मनुष्यच, तीन वर्षे दर सोमवारी एक डोळा मिटून उभे राहून दमले होते, आणि आत कोठेतरी त्यांसही ठाऊक असावे. शेवटी म्हणाले, "कारंज्याचे राणीसाहेबांस आम्हांलाच सांगावे लागेल. बरे, दिले. परंतु नवमी चुकली की तुमची रजा गेली. वचन तिथीस आहे." नारोपंत म्हणाले, "ठाऊक आहे, सरकार." मग बाहेर येऊन त्यांनी घरी पत्र लिहिले. "यंदा येत नाही. चर सव्वा कोस कमी आहे." आणखी काही सुचेना, तेव्हा तेवढेच जासुदाहाती धाडिले.

त्याउपरि कामास लागले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. शिमग्याचे पाच दिवस निम्मी माणसे शुद्धीवर नव्हती, आणि खडक तो खडकच, आणि कुंभाराचे नळ एका आव्यात भाजताना तीनशे तडकले. परंतु काठ्या रंगवावयाच्या नव्हत्या, तेव्हा आठवड्यास दोन दिवस फुकटचे हाती आले. रोज दिवस मावळताना नारोपंत चराच्या काठावर बसत आणि टोळीटोळीस एवढेच पुसत, "आज किती झाले, आणि काय आडवे आले?" कोणी काहीच जाहले नाही म्हणाला तर रागे भरत नसत, उद्या त्याच्याच टोळीपाशी जाऊन बसत. पहिले पंधरा दिवस माणसांचा विश्वास बसेना, सवयीने सारे बरे आहे म्हणत. मग एकाने भीत भीत खरे सांगितले, आणि त्यास काही जाहले नाही, आणि मग सारेच सांगू लागले. संवत्सर पालटून विकारी लागले. नवमी आली. शहरात रामजन्माचा सुंठवडा वाटला, तेव्हा नारोपंत चरात उभे राहून सांध्यास चुना लावीत होते. माध्यान्ही त्यांनी एकवार वर पाहिले, बोटांचा चुना पुसला, आणि पुढचा नळ मागविला. त्या दिवशी त्यांस फार वाईट वाटले, आणि ते त्यांनी कोणास सांगितले नाही.

चैत्र वद्य त्रयोदशीस तळ्याचे दार उघडिले. चौकात माणूस मावेना. पहिल्याने नुसता वारा आला, मग चिखल आला, मग एक बेडूक येऊन हौदात पडला आणि लोक हसले, आणि मग पाणी आले. रखमाजीच्या सुनेने कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता पहिली घागर भरिली. सरकारांनी नारोपंतांच्या अंगावर शाल घातली आणि म्हणाले, "एकोणीस दिवस उशीर जाहला, सबब रजा नाही. मात्र नदीवरचा पूल चार वर्षे रखडला आहे, तो आता तुम्हीच पाहावा." नारोपंत म्हणाले, "बरे." दुसरे काय म्हणावे? मग सरकारांची स्वारी वाड्यात गेली, आणि पंत शाल मांडीवर घेऊन हौदाच्या कठड्यावर बसले.

इतक्यात गर्दीतून एक बैलगाडी आली. गाडीत एक पेटारा, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या दोन बरण्या, आणि धुळीने माखलेल्या सगुणाबाई. त्या खाली उतरल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "पत्र पोचलं."

नारोपंत उठू पाहतात तो गुडघ्याने ऐकले नाही. म्हणाले, "अगं, तू कशी आलीस? मी येत नाही म्हणून कळवलं होतं."

"म्हणूनच आले. अकरा वर्षं 'यंदा येतो' लिहीत होतात, आणि मी दर वर्षी अंगण सारवून वाट पाहत बसत होते. हलले असते आणि त्याच दिवशी तुम्ही आला असता तर? ह्या खेपेस 'येत नाही' लिहिलंत. म्हटलं, माणूस खरं बोलायला लागला, आता जाऊन भेटायला हरकत नाही." मग हौदाकडे पाहून म्हणाल्या, "पाणी गोड आहे का हो?" नारोपंतांच्या डोळ्यांस धारा लागल्या होत्या, त्यांनी तसाच तांब्या भरून पुढे केला.

येणेप्रमाणे नहरीची हकीकत जाहली. लिहिणाराचा हात भरून आला, सबब विस्तार नाही. तात्पर्य, नहर बहुत उशिरा आली, परंतु आली. कारंजे जाहले नाही. सोमवारी आता सरकार वेळेवर जेवितात. पूल अद्याप चालूच आहे. सहा कमानींपैकी दोन उभ्या आहेत, आणि कोणी पुसिले तर दोनच सांगतात. नदीकाठी गवताने शाकारलेली एक खोली आहे. तिन्हीसांजेस नारोपंत कामावरून येतात, आज काय काय आडवे आले ते सांगतात, आणि सगुणाबाई वरणफळे वाढीत ते सारे ऐकून घेतात.