देवगडच्या पुढचा रस्ता

आमचे शेजारी परबकाका राहतात लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, आणि आंघोळ करतात हर्णैच्या भरती-ओहोटीप्रमाणे. पंचांगात तिथी बघायची, बोटांवर हिशेब करायचा आणि "लागली ओहोटी" म्हणत खांद्यावर टॉवेल टाकून निघायचं. लग्नाचा मुहूर्त असो की गॅस सिलिंडर, उत्तर एकच: "भरती कोणासाठी थांबत नाय."

या माणसाने समुद्राकाठच्या जुन्या गावांतून कोकणात जायचा बेत काढला. गाडी माझी, म्हणून मी सापडलो. अलिबाग, मुरूड, हर्णै, गुहागर, जयगड, विजयदुर्ग आणि शेवट देवगड. महामार्गाचं नाव काढायचं नाही. परळला ऑफिसात मीटिंग चालू असताना काकांचा फोन यायचा: "बाणकोटाक फेरीबोट चुकली तर काय करशील?" मी काय करणार होतो? पंखा बघत बसायचो.

मग रंगीत तालीम. गॅलरीत गाडीसारख्या खुर्च्या मांडून काकांनी आम्हाला बसवलं. काकी समुद्राच्या बाजूला, माझी बायको मधे. "मुरूड येयसर कोण उठूचा नाय!" अख्खी चाळ बघायला. बायकोने मला बजावलं, "अजून एक तालीम झाली ना, तर मी सरळ माटुंग्याला माहेरी जाईन."

शेवटी मीही चिडलो. "एवढं जातोय तर मालवण का सोडायचं? देवगडपासून कितीसं लांब आहे?"

"पुढे रस्तो खराब आसा," काका म्हणाले.

"कोण म्हणतं? चांगला आहे."

"खराब आसा म्हटलंय मा!" आणि ताडकन उठून गेले. मी चावी टेबलावर टाकत म्हटलं, गाडी घेऊन जा, मी येत नाही.

काकीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "मालवणाक सुलू असता रे. ह्यांची धाकटी भयण."

सुलूने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून काका लग्नाला गेले नाहीत. नवऱ्यामुलाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. तिथे शेजाऱ्याचा मुलगा उभा राहिला. तेव्हापासून बोलणं बंद. आता सुलूच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आमंत्रण आलं नव्हतं. तरी काका एकटेच हिंदमात्याला जाऊन मामाने द्यायची पिवळी साडी घेऊन आले होते. ती बॅगेच्या तळाशी होती.

मला माझीच लाज वाटली. मी गाडीची चावी पुन्हा खिशात टाकली.

निघायच्या सकाळी गाडीसमोर गाऱ्हाणं. कोकणी माणूस देवाला सांगितल्याशिवाय घर सोडत नाही, आणि सांगताना कुठे नि कशासाठी हे खरं सांगावं लागतं. देवासमोर थाप मारायची सोय नाही. काका नारळ घेऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, अलिबागेक सुखरूप ने..."

"व्हय म्हाराजा!" गॅलऱ्यांतून चाळ ओरडली.

मुरूड झालं, हर्णै झालं, गुहागर, जयगड, विजयदुर्ग झालं. देवगड झालं आणि काका थांबले. आता कशासाठी ते सांगायचं होतं. भरतीची आठवण करून द्यायची माझी हिंमत झाली नाही.

"पुढे बोला," काकी हळूच म्हणाली.

"...आणि मालवणाक पोचव," काकांचा आवाज चिरकला. "माझ्या सुलून दार उघडूंदे. नाय उघडल्यान तर मी भायर बसतलंय. पण तिच्या चेडवाच्या पाठी मामा उभो रवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरचे लोक थांबले. माझाही गळा त्यात होता.

नारळ फुटला. काका गाडीत माझ्या शेजारी बसले, बॅग मांडीवर घट्ट धरून. मी अलिबागचा रस्ता विचारला.

"अलिबाग रवांदे," ते समोर बघत म्हणाले. "हायवेन चल रे. खय थांबू नको."