आठ विमानं आणि एक फुंकर

माणसं भरती करण्यात माझा हात धरेल असा माणूस अख्ख्या हंगेरीत नाही. लोक म्हणतात असं. म्हणजे मीच म्हणतो, पण पूर्ण जबाबदारीने म्हणतो!

मी बोदनार गेर्गे. गोया एअर या स्वस्त विमान कंपनीच्या देब्रेत्सेन तळाचा भरतीप्रमुख. आमच्या विमानांच्या शेपटीवर एका पायावर उभा असलेला करकोचा आहे. दुसऱ्या पायाचा खर्च दोबोशी साहेबांनी मंजूर केला नसावा. दोबोशी साहेब म्हणजे आमचे बुडापेश्टचे मालक. त्यांच्या ऑफिसात पाहुण्याला चहा मिळतो, पण साखर हवी असेल तर ती आधी बुक करावी लागते!

तर या साहेबांनी आठ नवी कोरी विमानं सांगून ठेवली होती. मार्चमध्ये येणार होती. मला बोलावून ते म्हणाले, "गेर्गे, शनिवारी चाळीस वैमानिक मिळव. मिळाले तर आठही विमानं देब्रेत्सेनला. नाही मिळाले तर तळ उचलून सीमेपलीकडे रोमानियात नेतो."

"आणि मी?"

"तू कशाला येतोस? तुला रोमानियन येतं का?"

मी हसलो. चाळीस म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! जाहिरात दिली, आणि बघता बघता सगळ्या युरोपातून वैमानिकांचे अर्ज आले. हॉटेलच्या हॉलला साहेब 'नाही' म्हणाले, म्हणून मी विमानतळावरचं आमचं जुनं हँगर झाडून घेतलं. भिंतीवर आमच्या नव्या मार्गांचा नकाशा लावला. त्यावर मी इतक्या रेघा मारल्या की युरोप शेवयांच्या ताटासारखा दिसायला लागला.

शिवाय एक खास युक्ती काढली. येणाऱ्यांवर छाप पडावी म्हणून आमच्या तळावरचे झाडून सगळे वैमानिक कडक गणवेशात पहिल्या रांगेत बसवायचे! माझी सहकारी रेका हिला मात्र कुठल्याही चांगल्या कामात नाक खुपसायची सवय आहे. ती म्हणाली, दुपारी चार विमानं जायची आहेत, निदान राखीव वैमानिक तरी घरी राहू देत. मी तिला समजावलं, की राखीव माणसं नाहीतरी घरी बसून टीव्हीच बघतात. इथे बसली तर शोभा तरी वाढेल.

राहता राहिला खाण्याचा प्रश्न. त्या रकान्यात साहेबांनी स्वच्छ शून्य लिहिलं होतं. पण आमच्याकडे पाहुण्यासमोर गोड काही ठेवलं नाही, तर पाहुणा रागावत नाही, आपली आई रागावते. माझ्या बाबतीत सासूबाई. त्यांना नुसती कुणकुण लागली आणि शनिवारी सकाळी ओलसर चेरीकेकच्या चार मोठ्या पराती दारात हजर! खर्च शून्य. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

केक असा उडाला म्हणून सांगू! आमचे सारोशी कॅप्टन, म्हणजे साठीकडे झुकलेले, भारदस्त मिशांचे, तळावरचे सर्वांत ज्येष्ठ वैमानिक. ते एरवी गोडाला हात लावत नाहीत. त्यांनीसुद्धा तीन तुकडे घेतले, आणि चौथा मिशीत अडकला होता तो वेगळा. पहिली रांग खात होती, उमेदवार खात होते, मीही दोन्ही हातांनी खात होतो. एकटी रेका तेवढी आहार सांभाळून कोपऱ्यात काकडी चावत बसली होती.

भाषण तर असं रंगलं की माझं मलाच नोकरीला लागावंसं वाटायला लागलं. मग एका उंच स्लोव्हाक मुलीने हात वर केला. म्हणाली, तिकिटं इतकी स्वस्त, मग सुरक्षिततेत काटकसर होते का?

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो! मी कपाटातून श्वास तपासायचं नवं यंत्र काढलं आणि ऐटीत सांगितलं, की आमच्याकडे वैमानिकाच्या अंगात दारूचा थेंब जरी सापडला तरी त्या दिवशी त्याला विमानाच्या शिडीलाही हात लावता येत नाही. वाद नाही, अपील नाही. मग मी सारोशी कॅप्टनना पुढे बोलावलं. आयुष्यात बिअरसुद्धा न प्यायलेला माणूस! त्यांनी मिशा सावरल्या आणि फुंकर मारली.

यंत्र लाल झालं.

हँगरमध्ये अशी शांतता पसरली की नकाशाचा एक कोपरा भिंतीवरून सुटला तोही ऐकू आला. सारोशी कॅप्टन माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांच्या तोंडात बाटली ओतली होती.

"गेर्गे," ते हळूच म्हणाले, "माझी बायको ही गोष्ट ऐकेल, तेव्हा तू तिच्यासमोर उभा राहशील."

मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या कॅप्टनना पुढे केलं. लाल! तिसरे लाल! राखीव वैमानिक तर इतके लाल की यंत्राने शिट्टीच वाजवली. माझ्या लक्षात आलं, यंत्र बिघडलंय! साहेबांनी नक्की लिलावातून आणलं असणार. खात्री करायला मी स्वतः फुंकर मारली, कारण मी आठवडाभर पाण्याशिवाय काही प्यायलो नव्हतो. लाल!

"बघा, बघा," मी सगळ्यांना सांगितलं, "यंत्रच खराब आहे."

तेवढ्यात रेका काकडी खाली ठेवून आली आणि तिने फुंकर मारली. हिरवं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने परातींकडे बघितलं. मग हळूहळू अख्ख्या हँगरने परातींकडे बघितलं. मी सासूबाईंना फोन लावला.

"आई, केकमध्ये दारू घातलीत का?"

"दारू? मी?" सासूबाई दुखावल्या. "दारू शिल्लक कुठे होती? बरणीतली पालिंका तुझ्या सासऱ्यांनीच ख्रिसमसपर्यंत संपवली. तळाशी नुसत्या चेऱ्या उरल्या होत्या, वर्षभर मुरलेल्या. त्या काय फेकायच्या होत्या? थंड केकवर वरून घातल्या, म्हणजे वास उडत नाही. आवडला ना सगळ्यांना?"

"फार आवडला," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता नियम म्हणजे नियम, आणि तो मीच दोन मिनिटांपूर्वी छाती काढून सांगितला होता, तोही साक्षीदारांसमोर! चार विमानं भरायला लागली होती आणि चालवायला तळावर एक माणूस नाही. वैमानिकांची भरती करता करता मी अख्खा तळ वैमानिकमुक्त केला होता. रेका म्हणाली की राखीव वैमानिक घरी टीव्ही बघत असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, ही वेळ जुन्या गोष्टी उगाळायची नाही.

दोबोशी साहेबांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. ओरडल्याने घसा बसतो आणि औषधाला पैसे पडतात. त्यांनी एवढंच सांगितलं, की सीमेपलीकडच्या एका रोमानियन कंपनीकडून त्यांनी चार विमानं वैमानिकांसकट भाड्याने घेतली आहेत, आणि हे सांगताना त्यांच्या छातीत दुखत होतं.

विमानं आली. प्रवाशांचं सामान चढेपर्यंत त्यांच्या प्रमुख कॅप्टन दोइना बाई पाय मोकळे करायला आमच्या हँगरमध्ये डोकावल्या. मी मोठ्या मनाने केक पुढे केला, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. मग त्या उमेदवारांशी गप्पा मारत बसल्या. मी नकाशाचा कोपरा चिकटवत होतो, त्यामुळे त्या काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं नाही. नंतर रेकाने सांगितलं: त्यांच्याकडे गणवेश फुकट मिळतो, प्रशिक्षणाच्या काळात पगार चालू असतो, आणि विमानात वैमानिकाला पिण्याचं पाणी विकत घ्यावं लागत नाही.

हे तिसरं ऐकून उमेदवारांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. विमानं उडायच्या आत सगळेच्या सगळे चाळीस जण त्यांच्या कंपनीत दाखल! ती उंच स्लोव्हाक मुलगी सर्वांत पुढे. सारोशी कॅप्टन मात्र निष्ठावान. ते संध्याकाळपर्यंत थांबले, मग त्यांनीही दोइना बाईंना फोन केला.

तरी मी खचलो नाही. सोमवारी साहेबांसमोर ताठ मानेने उभा राहिलो. मी म्हणालो, "साहेब, चाळीसच्या चाळीस निवडले गेलेत. माझी निवड चुकली नाही हे आता दुसऱ्या देशानेही मान्य केलंय. आणि घाई कशाला? नवी विमानं कधी वेळेवर आलीत का? मागच्या खेपेला दीड वर्ष लागलं. तेवढ्यात मी ऐंशी मिळवतो!"

साहेबांनी डोळे मिटून हिशेब केला. दीड वर्ष विमानंच नाहीत, म्हणजे दीड वर्ष खर्च नाही. त्यांचा चेहरा खुलला, आणि तळ देब्रेत्सेनमध्येच राहिला. मी म्हणतो ना, माझा हात धरणारा नाही!

काल विमानांच्या कारखान्यातून फोन आला. यंदा काम फार झपाट्याने झालंय. आठही विमानं तयार आहेत, शुक्रवारपर्यंत वैमानिक पाठवून घेऊन जा म्हणाले.